माळ्यावरचा रॉड खाली काढण्याआधी : चाळिशी-पन्नाशीत घरी पुन्हा वजन उचलणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पंचेचाळिशी-पन्नाशीचे बरेच ग्राहक एकच मागणी घेऊन येतात: कॉलेजात असताना जेवढं वजन मारायचो, तेवढा संच द्या. आमचं म्हणणं असं की जड प्लेटा आत्ता घेऊ नका, लहान प्लेटा घ्या. आमची विक्री त्यामुळे कमी होते, पण संच तीन आठवड्यांत पलंगाखाली जाण्यापेक्षा हे बरं.

आधी ताकद येते, मग सांधे तयार होतात

एकदा कमावलेले स्नायू नव्याने कमावण्यापेक्षा लवकर परत येतात. वीस वर्षांचा खंड पडला असला तरी दीड-दोन महिन्यांत हाताला फरक जाणवतो. पण स्नायूला हाडाशी बांधणारे दोर, म्हणजे कंडरा, त्या वेगाने तयार होत नाहीत. त्यांचा रक्तपुरवठा कमी असतो आणि त्यांची घडण महिन्यांच्या हिशेबाने होते. बहुतेक दुखापतींचं मूळ या अंतरात आहे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात अंगात जोर येतो, वजन हलकं वाटू लागतं आणि प्लेटा चढतात. मग कोपराच्या बाहेरच्या बाजूला, खांद्याच्या पुढच्या भागात किंवा गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागतं, आणि ते दुखणं दोन-तीन महिने हलत नाही.

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच, जड काठी, पेलणारे थेट यात्रेच्या दिवशी ध्वज उचलत नाहीत, त्याआधी सराव करतात. तुमचाही पहिला बारा आठवड्यांचा काळ सरावाचाच धरा. सुरुवात याच यात्रेच्या म्हणजे गड्ड्याच्या सुमारास, जानेवारीच्या मध्यावर केली तर ऊन कडक होईपर्यंत हे बारा आठवडे पूर्ण होतात.

आधी डॉक्टरांना विचारायचं ते कोणी

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, हर्निया, मणक्याची गादी सरकणं किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजन उचलू नका. विचारताना ‘व्यायाम करू का?’ एवढंच म्हटलं तर उत्तर चालण्याचं मिळतं. ‘हातात दहा-दहा किलोचे डंबेल घेऊन उठाबशा काढणार आहे’ असं स्पष्ट सांगा. बसल्या जागी मोजलेला रक्तदाब 180/110 किंवा त्याहून जास्त आला तर त्या दिवशी वजनाला हात लावायचा नाही, डॉक्टरांकडे जायचं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाआधी साखर तपासा. ती 90 च्या खाली असेल तर आधी एखादं केळं किंवा अर्धी भाकरी खा. मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाणही जास्त असतं, म्हणून खांद्याची तपासणी पुढे दिली आहे तशी नक्की करा.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अचानक घेरी यांपैकी काही जाणवलं तर वजन खाली ठेवा आणि दवाखाना गाठा.

काय घ्यायचं

14 इंची डंबेलचे दोन रॉड, आटे पाडलेले आणि प्लेटा जागेवर आवळणारे स्टार नट असलेले. प्लेटा प्रत्येक वजनाच्या चार: 0.5, 1.25, 2.5 आणि 5 किलो. प्लेटांचं मिळून वजन 37 किलो भरतं. पहिल्या सहा महिन्यांना एवढं पुरतं.

अर्ध्या किलोच्या प्लेटेचा आग्रह का, ते समजून घ्या. रॉड 2 किलोचा धरला तर 1.25 च्या दोन प्लेटा लावून डंबेल 4.5 किलोचा होतो. पुढची पायरी 2.5 च्या दोन प्लेटा, म्हणजे 7 किलो. एका उडीत वजन निम्म्याहून जास्त वाढलं. पायाला हे चालतं, खांद्याला चालत नाही. अर्ध्या किलोच्या प्लेटा असल्या की 4.5, 5.5, 7, 8, 9.5, 10.5 अशा पायऱ्या मिळतात. बाजारातल्या अनेक तयार संचांत 2, 3 आणि 5 किलोच्याच प्लेटा असतात. तिथे पहिलीच पायरी 6 किलोची आणि दुसरी 8 ची पडते.

लांब रॉड आत्ता लागत नाही. घ्यायचाच असेल तर एक इंची घरगुती रॉड आणि ऑलिंपिक बार यांची गल्लत करू नका. ऑलिंपिक बारची टोकं 50 मिमीची असतात आणि बार एकटाच 20 किलोचा, सात फुटांहून थोडा लांब. दहा फुटी खोलीत त्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम दीड-दीड फूट उरतं. 50 मिमी भोकाची प्लेट एक इंची रॉडवर अडकवली तर ती हेलकावते आणि लॉक तिला धरत नाही.

बेंच घेताना माणसाचं आणि लोखंडाचं वजन एकत्र धरा. 80 किलोचा माणूस आणि 40 किलो वजन म्हणजे 120 किलो. बेंचच्या पत्र्यावर तेवढी क्षमता लिहिलेली नसेल तर तो घेऊ नका. घरात दुसरं कोणी उभं नसताना लांब रॉडने बेंच प्रेस तर मुळीच करू नका. छातीवर अडकलेला रॉड एकट्याने काढता येत नाही.

जुना संच असेल तर

रॉड फरशीवर ठेवून हाताने लोळवा. मधूनमधून उड्या मारत असेल तर तो वाकलेला आहे. गंज वरवरचा असेल तर तारेच्या ब्रशने घासून मशीन ऑइलचा हात फिरवा. आट्यांवर गंजाने खड्डे पडले असतील, किंवा नट शेवटपर्यंत घट्ट न बसता मध्येच फिरत राहत असेल, तर तो रॉड वापरू नका. सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या प्लेटा हलवून पाहा. आत खडखड आवाज येत असेल तर भराव फुटलेला आहे आणि चिरेतून भुकटी गळत राहणार.

प्लेटेवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. ‘5 किलो’ लिहिलेल्या दोन प्लेटांत पाव-अर्धा किलोचा फरक निघू शकतो. किराणा दुकानाच्या काट्यावर सगळ्या एकदा तोला, खरं वजन मार्करने लिहा आणि जवळच्या वजनाच्या दोन प्लेटा एकाच रॉडच्या दोन टोकांना लावा.

फरशी

आपल्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते, नव्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल. शहाबादीची कडा उडते, तर टाइल खाली पोकळ राहिली असेल तिथे मधोमध तडकते. बोटाच्या पेराने टाइल ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर जागा बदला. खाली 18 मिमीचा प्लायवुड आणि त्यावर 10 ते 12 मिमीचा रबर मॅट, चार बाय सहा फुटांचा, एवढं पुरतं. मुलांच्या खोलीतले रंगीत फोमचे तुकडे वजनाखाली घालू नका. पाय टाकला की ते दबतात, घोटा डुगडुगतो आणि गुडघा आत वळतो. चादरींच्या घड्यांवर उभं राहूनही तेच होतं. चादरीचा उपयोग वेगळा आहे, तो खाली सांगितला आहे.

आठवड्यातून दोन दिवस, पाच व्यायाम

सोमवार-गुरुवार किंवा मंगळवार-शुक्रवार. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही आठवड्यात किमान दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाची आहे. मधले दिवस चाला. तिसरा दिवस बारा आठवडे झाल्यावर वाढवा.

आधी सात-आठ मिनिटं अंग तापवा: जागच्या जागी चालणं, खांदे फिरवणं, रिकाम्या हाताने दहा बैठका. त्यानंतर प्रत्येक व्यायामाचा पहिला सेट, म्हणजे न थांबता केलेल्या उचलींची पहिली फेरी, अर्ध्या वजनाने.

खुर्चीवरची बैठक. एक डंबेल उभा धरून छातीशी घ्या, मागे 18 इंच उंचीची न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. कंबर मागे नेत बसा, बूड टेकताच उठा, धपकन बसू नका. गुडघ्याला त्रास होत असेल तर सोलापुरी चादरीच्या दोन घड्या खुर्चीवर ठेवून उंची वाढवा आणि दर दोन आठवड्यांनी एक घडी काढा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे.

कंबरेतून वाकणं. दोन्ही हातांत डंबेल, गुडघे किंचित सैल. दार ढकलल्यासारखं बूड मागे न्या, डंबेल मांड्यांना घासत गुडघ्याच्या जरा खाली जाऊ द्या, पाठ सरळ. मांडीच्या मागे ताण आला की तिथेच थांबा. फरशीला हात लावायचा प्रयत्न केला की पाठ गोल होते, आणि ताण मांडीवरून कंबरेच्या मणक्यांवर जातो.

जमिनीवर पडून प्रेस, म्हणजे उताणे पडून डंबेल छातीवरून वर ढकलणं. बेंच नाही म्हणून केलेली ही तडजोड नाही, या वयात आम्ही हाच व्यायाम आधी सुचवतो. कोपर फरशीला टेकलं की हात त्याहून मागे जाऊच शकत नाही, त्यामुळे खांद्याच्या पुढच्या भागावर ताण येत नाही. कोपर अंगापासून साधारण 45 अंशांवर ठेवा.

एका हाताचा रो. दुसरा हात आणि गुडघा पलंगावर टेकवा. डंबेल खिशाकडे ओढा, बगलेकडे नव्हे.

पाचवा व्यायाम दोन्ही हातांत डंबेल घेऊन चालणं, 20 मीटर, गच्चीवर किंवा पॅसेजमध्ये. खांदे कानाकडे चढू देऊ नका. नळाला पाणी येण्याच्या दिवशी तुम्हीच बॅरल-बादल्या भरून ठेवत असाल तर हा व्यायाम त्या दिवशी वगळा. 16 लिटरची भरलेली बादली म्हणजे 16 किलो, आणि अशा वीस फेऱ्यांनंतर कंबर आधीच दमलेली असते.

डोक्यावर वजन नेणं पहिले सहा आठवडे नको. नंतरही आधी ही तपासणी करा: उताणे झोपा, गुडघे वाकवा, दोन्ही हात सरळ डोक्यामागे न्या. कंबर न उचलता मनगटं फरशीला टेकली तरच डोक्यावरचा प्रेस सुरू करा.

वजन कसं ठरवायचं, कसं वाढवायचं

पंचवीस वर्षांपूर्वीचा आकडा विसरा. जे वजन तुम्ही पंधरा वेळा नीट उचलू शकता ते घ्या आणि दहा वेळा उचलून ठेवा. चार-पाच शिल्लक असतानाच थांबायचं. पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट, तिसऱ्यापासून तीन. दोन सेटच्या मध्ये दीड-दोन मिनिटं थांबा. पाचव्या आठवड्यापासून दोन-तीन शिल्लक ठेवून थांबलात तरी चालेल. शेवटच्या उचलीपर्यंत, हात थरथरेपर्यंत ताणणं बारा आठवड्यांत एकदाही नको.

तिन्ही सेटमध्ये बारा-बारा वेळा जमू लागलं, आणि असं लागोपाठ दोन वेळा झालं, की वजन एक पायरी वाढवा आणि बारावरून आठ उचलींवर या. एका दिवशी एकाच व्यायामाचं वजन वाढवा, म्हणजे काही दुखलं तर कारण कळतं. वहीत तारीख, वजन आणि आकडे लिहा.

उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब त्या क्षणी फार वर जातो. तरुणपणी ते खपून गेलेलं असतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं, जिना उतरताना दुखणं ठीक आहे. सांध्यातली टोचणारी कळ, रात्री झोपमोड करणारं दुखणं किंवा सूज ठीक नाही. त्या व्यायामाचं वजन निम्मं करा, आठवड्यात उतार पडला नाही तर तो थांबवा आणि दाखवून घ्या. पहिल्याच दिवशी अति व्यायाम करून लघवी काळ्या चहासारखी झाली तर वाट न पाहता रुग्णालयात जा. स्नायू फुटून त्यातला अंश मूत्रपिंडात अडकत असल्याची ती खूण आहे. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असताना कारण नसताना अंग दुखत राहिलं तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

खाणं आणि ऊन

वजन उचलणाऱ्याला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत. 70 किलोच्या माणसाला 84 ग्रॅम. तीन ज्वारीच्या भाकऱ्यांतून सुमारे 20, दोन वाट्या घट्ट वरणातून 13, दोन मोठे चमचे शेंगाचटणीतून 5, कपभर दुधातून 6, एवढं धरलं तर बेरीज 44 वर थांबते. उरलेल्या 40 साठी तीन अंडी (18) आणि 50 ग्रॅम सोया वड्या (25) किंवा 125 ग्रॅम पनीर (22) अशी भर घाला. शेंगाचटणी वाढवून हा हिशेब पूर्ण करायला जाऊ नका, तेलाने पोट वाढेल. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच.

एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर जातो तेव्हा सकाळी सातच्या आत आटपा. वरच्या मजल्यावर संध्याकाळी स्लॅब तापलेला असतो, तेव्हा तिथे व्यायाम नको. डंबेल कूलरच्या झोतासमोर ठेवू नका, ओल्या हवेने आट्यांना गंज धरतो. गच्चीवर उन्हातही नको, रबर कडक होऊन चिरतं. व्यायाम झाल्यावर मूठ जुन्या टॉवेलने कोरडी पुसा, घामातलं मीठ लोखंड खातं.

खंड पडला तर

आठवडाभर चुकलं तर आहे त्याच वजनाने पुढे चला. दोन-तीन आठवडे गेले तर एक-दोन पायऱ्या उतरा. महिन्याहून जास्त गेला तर पुन्हा पंधरातले दहा या हिशेबाने सुरुवात करा. चिकुनगुनियानंतर सांधे दुखत असतील तोवर वजन नको, नुसतं चालणं.

स्टार नट प्रत्येक सेटआधी हाताने आवळून पाहा. पाचव्या-सहाव्या उचलीपर्यंत तो सैल होऊ शकतो, आणि पडून प्रेस करताना प्लेट निसटली तर ती तोंडावर येते. नटाच्या आतलं रबरी वायसर चपटं झालं असेल किंवा आटे झिजले असतील तर रॉड आणि नट दोन्ही दुकानात घेऊन या. नट एकटा बदलला आणि रॉडचे आटे झिजलेलेच राहिले, तर नवा नटही पकड घेणार नाही.