वन्यजीवांचा कारभारी: कायद्यात अधिकार आहेत, पात्रता नाही

नाशिक जिल्ह्यात बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या उसात बिबट्याच्या कित्येक पिढ्या वाढल्या आहेत, त्यामुळे ही मागणी आता कुणाला नवी वाटत नाही. पिंजरा चार माणसं लावतात. तो लावायचा की नाही आणि आत सापडलेलं जनावर नेऊन कुठे सोडायचं, हे मात्र जाणकारानेच ठरवायला हवं. हा निर्णय राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाच्या हाती असतो, पण त्या खुर्चीवर असा जाणकार असलाच पाहिजे, असं आपला वन्यजीव कायदा म्हणत नाही.

याला कारण आहे वनखात्याचा जन्म. १८६४ मध्ये इंग्रजांनी डिट्रिच ब्रँडिस या जर्मन वनतज्ज्ञाला वनांचा पहिला महानिरीक्षक नेमलं, ते लाकडासाठी. रेल्वेला रुळांखालचे लाकडी स्लीपर हवे होते आणि सागवान भराभर संपत चाललं होतं. १८७८ मध्ये डेहराडूनला वनविद्यालय निघालं. झाडं मोजणं, कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) पाडणं, लागवड करणं हा तिथला मुख्य अभ्यास. वाघ-बिबटे त्या काळी शिकारीच्या परवान्यावर मारले जात, वर सरकार बक्षीसही देई. स्वातंत्र्यानंतर १९६६ मध्ये भारतीय वनसेवा नव्याने उभी राहिली, पण घडण बरीचशी जुनीच राहिली.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. कलम ४ नुसार राज्य सरकार मुख्य वन्यजीव रक्षक नेमतं. कलम ११ नुसार पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला, तर त्याला पकडण्याचा किंवा मारण्याचा आदेश हाच अधिकारी लेखी कारणं देऊन काढू शकतो. बिबट्या याच अनुसूचीत आहे. एवढा मोठा अधिकार ज्याच्या हाती, त्याने काय शिकलेलं असावं याबद्दल कलम ४ मध्ये एक ओळ नाही. अमेरिकेत ती आहे: तिथल्या मत्स्य व वन्यजीव सेवेच्या संचालकाला वैज्ञानिक शिक्षण आणि अनुभव हवा, असं १९७४ पासून कायदा सांगतो. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संचालकासाठी जमीन व्यवस्थापन आणि संवर्धनातल्या अनुभवाची अट १९९६ मध्ये आली. अर्थात कायदा असून सगळं सुरळीत चालतं असं नाही. २०१७ च्या सुरुवातीपासून २०२१ अखेरपर्यंत त्या उद्यान सेवेला सिनेटने मंजूर केलेला संचालकच नव्हता, प्रभारींवर गाडा चालला. प्रभारी कारभार काय असतो हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आपल्याकडे १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, मेळघाट पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत होतं, आणि प्रकल्पाची धुरा कैलाश सांखला या मुरलेल्या वनाधिकाऱ्याकडे गेली. अधिकाऱ्यांना वन्यजीव व्यवस्थापन शिकवणारी भारतीय वन्यजीव संस्था मात्र १९८२ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर दहा वर्षांनी निघाली. शिवाय तिथे शिकून आलेला अधिकारी वन्यजीव विभागातच राहील याची हमी नाही. पुढची बदली सामाजिक वनीकरणात किंवा वनविकास महामंडळातही होऊ शकते. २००५ च्या सुरुवातीला राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. त्यानंतर सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं गेलं आणि २००६ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाला कायद्याचा आधार मिळाला.

आपल्याला त्याहून जवळचा धडा जुन्नरचा. २००१ नंतर तिथल्या उसातले बिबटे धरून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा लागला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते १७ वर गेले. संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे आकडे मांडले. त्याच वर्षी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनीही सरसकट पकडून दूर सोडण्याला चाप लावला. जनावर अनोळखी मुलखात टाकलं की ते बिथरतं, आणि त्याच्या रिकाम्या हद्दीत दुसरं शिरतं. हे ठाऊक असलेला अधिकारी जमाव अंगावर आला तरी पिंजऱ्याला नाही म्हणू शकतो. ठाऊक नसलेल्याला आमदाराचा एक फोन पुरतो.

हे ज्ञान खालपर्यंत झिरपलेलंही दिसतं. ऊसतोडणीत सरीत बछडे सापडले की वनरक्षक तोड थांबवतात, बछडे क्रेटमध्ये ठेवून संध्याकाळी त्याच जागी नेतात आणि लांबून कॅमेरा लावतात. अंधार पडला की मादी येते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. ते उचलून थेट नाशकात आणले, तर चवताळलेली मादी त्याच शिवारात घिरट्या घालते आणि वस्तीची झोप उडते.

नांदूरमध्यमेश्वरची अडचण निराळी. गोदावरी-कादवा संगमावरच्या या बंधाऱ्याला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. इथे कारभार बदकांचा, पाणवेलींचा आणि मासेमारीचा. नाशिक वन्यजीव विभागाकडेच कळसूबाई-हरिश्चंद्रगडही आहे, म्हणजे शेकरूचं डोंगरी जंगल. दोन्हीचं शास्त्र वेगळं, साहेब एकच. त्यात बंधाऱ्याचे दरवाजे जलसंपदा खात्याच्या हाती. कालव्यांना आवर्तन सुटलं की पाणी उतरतं, चिखल उघडा पडतो आणि डुबकी मारणारी बदकं दुसरीकडे जातात. तेव्हा इथल्या अधिकाऱ्याला पक्षी ओळखता येऊन भागत नाही. आवर्तनाचं वेळापत्रक ठरतं त्या बैठकीत, शेतकरी आणि अभियंत्यांसमोर, थोडं पाणी राखून ठेवण्याची बाजू त्याला मांडता आली पाहिजे.