समुद्राची हद्द गाळ ठरवतो

‘अमुक देशाला समुद्रात नवा भूभाग मिळाला’ अशी बातमी अधूनमधून झळकते. प्रत्यक्षात देशाचा दावा मान्य झाला, तरी किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपलीकडे मिळतो तो फक्त समुद्रतळावरच्या आणि त्याखालच्या संपत्तीचा हक्क. वरचं पाणी आणि त्यात पोहणारे मासे खुल्या समुद्राचेच राहतात. ‘समुद्रातला खजिना सापडला’ हा गाजावाजा तर आणखीच पोकळ असतो, कारण तळाशी कोणती संपत्ती आहे ते या दाव्यात कुणी तपासतच नाही.

तपासतात तो गाळ! समुद्रतळावरच्या हक्काची ही हद्द ठरवणारं, १९८२च्या सागरी कायद्याच्या कराराचं कलम ७६ मला म्हणूनच फार आवडतं.

शाळेत शिकलेली समुद्रबूड जमीन आणि खंडान्त उतार आठवा. उतार जिथे संपतो तिथे त्याचा पायथा. त्या पायथ्यापासून ६० सागरी मैल, म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, ही मोजणीची एक रीत. दुसरी रीत अशी की, एखाद्या बिंदूखालच्या गाळाची जाडी त्याच्या पायथ्यापासूनच्या अंतराच्या किमान १ टक्का असेल, तर हद्द तिथवर नेता येते. २५० किलोमीटरवर जायचं तर अडीच किलोमीटर गाळ हवा. (याही पलीकडे कमाल मर्यादा आहेतच.)

जाडी मोजतात आवाजाने. जहाजामागून दाबाखालच्या हवेचे स्फोट करायचे, एक प्रतिध्वनी समुद्रतळावरून येतो, दुसरा गाळाखालच्या कठीण खडकावरून. दोहोंत २ सेकंदांचं अंतर आणि गाळातला आवाजाचा वेग सेकंदाला २.५ किलोमीटर धरला, तर जाण्या-येण्याचं अंतर निम्मं करून जाडी निघते २.५ किलोमीटर. वेग २.६ धरला की जाडी १०० मीटरने वाढते. थर सपाट पसरलेला असेल तर हद्द थेट १० किलोमीटर पुढे सरकते. वेग खोलीनुसार बदलतो, म्हणून खरा वाद त्या आकड्यावर होतो.

बंगालच्या उपसागरात हिमालयातून आलेला गाळ इतका अफाट आहे की, तिथल्या दक्षिण भागासाठी कराराच्या अंतिम दस्तऐवजाला खास जोडपत्र लावावं लागलं. त्यात १ किलोमीटर जाडीची वेगळी कसोटी आहे. भारताने आपला दावा ११ मे २००९ रोजी दाखल केला.

असे दावे तपासणाऱ्या आयोगाचे २१ सदस्य भूशास्त्र, भूभौतिकी किंवा जलसर्वेक्षणातलेच असावेत, असं करारच सांगतो. मग विद्यापीठात सागरी कायदा शिकवताना कलमं पाठ करून भागेल कसं? विद्यार्थ्याला प्रतिध्वनींचा आलेख वाचता आला पाहिजे. पर्यावरण कायदा शिकणाऱ्यालाही हे टळत नाही. राष्ट्रीय हद्दीबाहेरच्या जैवविविधतेचा करार १७ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. वाढीव हद्दीत पाण्याला तो लागू, खालचा तळ मात्र किनारी देशाच्या अखत्यारीत. तळावर खाणकाम झालं आणि उडालेला गाळ वरच्या पाण्यात पसरला, तर परिणामांची तपासणी कुणी करायची, हा प्रश्न आता वर्गात यायलाच हवा.