दुपारी चारची गोडाची ओढ आणि ताटातलं डाळिंब

सोलापुरातही आता दूध, दही, तूप सोडून निव्वळ वनस्पतीजन्य आहार घ्यायचं ठरवलेली माणसं भेटू लागली आहेत. कुणी कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट पाहून ठरवतं, कुणी मुक्या जनावरांच्या कळवळ्यापोटी, कुणाला दूध पचतच नसतं. कित्येक घरांत मांस-मच्छी मुळातच शिजत नाही, त्यामुळे खरा बदल होतो तो दुधातुपाचा. सुरुवातीचे दिवस उत्साहात जातात. मग एक तक्रार हमखास कानावर येते: दुपारचे चार वाजले की गोड खाल्ल्याशिवाय राहवत नाही. गुळाचा खडा, बिस्किटं, डब्यातली शेंगापोळी, हाताला लागेल ते तोंडात जातं.

या तक्रारीवर लोक जो उपाय करतात, तो मला फार खटकतो. ते फळं बंद करतात. ‘फळातही साखरच की, तिच्यामुळेच गोडाची चटक लागते,’ असा हिशेब असतो. ज्या जिल्ह्याच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ज्या शहराच्या वेशीवर केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथली माणसं डाळिंबाच्या वाटीला भितात आणि दिवसभराच्या चहातून सात-आठ चमचे साखर पोटात घालतात. शास्त्र याच्या बरोबर उलट बाजूला उभं आहे. चावून खाल्लेलं फळ या ओढीच्या मुळाशी नसतं. मूळ बहुतेक वेळा आधीच्या जेवणात असतं.

गोडाची ओढ केवळ जिभेची नाही, हे आधी समजून घ्यावं लागेल. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात चार्ल्स झुकर यांच्या गटाने उंदरांसमोर दोन बाटल्या ठेवल्या. एकीत साखरेचं पाणी, दुसरीत तितकंच गोड लागणारं कृत्रिम स्वीटनरचं पाणी. सुरुवातीला उंदीर दोन्हींकडे जात. दोन दिवसांत मात्र ते जवळजवळ फक्त साखरेच्याच बाटलीवर जाऊ लागले. गोड चव ओळखण्याची क्षमताच काढून घेतलेले उंदीरही तेच करत होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने दाखवलं, की आतड्याच्या अस्तरात ग्लुकोज ओळखणाऱ्या पेशी असतात आणि त्यांचा निरोप व्हेगस नावाच्या मज्जातंतूवाटे थेट मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचतो. कोणत्या पदार्थातून झटपट ऊर्जा मिळाली, हे मेंदू असं शिकून ठेवतो. उंदरावरचा प्रयोग माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही, पण एक गोष्ट त्यातून उलगडते: साखरेऐवजी स्वीटनरची गोळी टाकली की ओढ संपेल, असं का होत नाही.

ही ओढ चारच्याच सुमारास का येते, याचाही थोडा अंदाज आहे. २०२१ मध्ये हजारावर लोकांच्या दंडाला रक्तातली साखर सतत मोजणारं यंत्र लावून अभ्यास झाला. खाल्ल्यानंतर दोन-तीन तासांनी ज्यांची साखर नेहमीच्या पातळीच्याही खाली उतरली, त्यांना भूक जास्त लागली, पुढचं खाणं लवकर झालं आणि दिवसभरात पोटात कॅलरीही जास्त गेल्या. जेवणानंतर साखर किती चढली, यापेक्षा ती नंतर किती उतरली, याचा भुकेशी जवळचा संबंध निघाला. दुपारी एकला जेवणाऱ्याच्या घड्याळात हे बरोबर चारच्या आसपास येतं.

आता ताटाकडे येऊ. सोलापुरातले एक साठीचे काका डोळ्यांसमोर आणा. पूर्वी ते सकाळी पेलाभर दूध घेत, दुपारी भाकरीवर दोन चमचे तूप आणि शेजारी वाटीभर दही. दूध-तूप सोडल्यावर ताटात राहिल्या दोन कडक भाकऱ्या, कमी तेलाची मेथीची भाजी, काकडी. सकाळच्या दुधाच्या जागी पपईची वाटी आली. दिसायला ताट अगदी आदर्श, पण हिशेब मांडून बघा. गेलेल्या तीन पदार्थांमधून साधारण तीनशे कॅलरी आणि अकरा ग्रॅम प्रथिनं मिळत होती. आलेल्या दोनशे ग्रॅम पपईतून मिळतात पंच्याऐंशीच्या आसपास कॅलरी आणि जेमतेम एक ग्रॅम प्रथिन. म्हणजे रोज दोनशेवर कॅलरी आणि दहा ग्रॅम प्रथिनं ताटातून गेली आणि त्यांची जागा कशानेच घेतली नाही. तुपाबरोबर जेवणातली चरबीही गेली. चरबी असली की अन्न जठरात जास्त वेळ टिकतं.

जेवताना मात्र यातलं काहीच जाणवत नाही. भाज्या, फळं, अख्खं धान्य यांत पाणी आणि तंतू भरपूर, त्यामुळे पोट भरतं. केव्हिन हॉल या आहार-संशोधकाने अमेरिकेत वीस जणांना एका संशोधन रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कमी चरबीचा वनस्पतीजन्य आहार आणि दोन आठवडे प्राणिजन्य, कमी कर्बोदकांचा आहार दिला. हवं तितकं खायची मुभा होती. वनस्पतीजन्य आहारावर लोकांनी दिवसाला सरासरी जवळजवळ सातशे कॅलरी कमी खाल्ल्या, आणि भूक विचारली तर दोन्हीकडे सारखीच सांगितली. वजन उतरवायचं असेल त्याच्यासाठी ही पर्वणीच. पण मुळात सडपातळ असलेल्या, दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या किंवा साठी उलटलेल्या माणसाची अशी न जाणवणारी तूट कुठेतरी बाहेर पडणारच. माझ्या मते ती चार वाजता बिस्किटाच्या पुड्यात बाहेर पडते. त्यात मनाचा कमकुवतपणा शोधणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

तूट भरून काढायला आपल्याकडे बाहेरून काही आणावं लागत नाही. तीस ग्रॅम शेंगाचटणीत, म्हणजे दोन भरल्या चमच्यांत, दीडशेहून जास्त कॅलरी आणि सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, शिवाय शेंगदाण्याचं तेल. उखळात कुटून तेल सुटलेली चटणी भाकरीवर घ्या, बरोबर वाटीभर घट्ट तुरीचं वरण किंवा मटकीची उसळ घ्या. काकांची गेलेली प्रथिनं परत येतात, वर दोन-तीन ग्रॅम जास्तच. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅममागे दहा ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, त्यामुळे मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी हा पाया चांगलाच आहे. गडबड होते ती भाकरीबरोबर डाळ आणि दाणे न आल्याने. ‘शेंगदाण्याने चरबी वाढते’ म्हणून आधी चटणी बंद करणारे आणि मग संध्याकाळी गोडावर तुटून पडणारे मी बरेच पाहिले आहेत. त्यांना मी पहिली गोष्ट सांगते ती चटणी परत सुरू करायची.

आता फळांवरच्या आरोपाकडे वळते. या बाबतीत १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक छोटासा प्रयोग मला फार आवडतो. दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन प्रकारे दिलं: अख्खं, गर करून आणि रस काढून. तिन्हींत कर्बोदकं तेवढीच, ६० ग्रॅम. रस अख्ख्या सफरचंदापेक्षा अकरापट वेगाने पोटात गेला. वेगामुळे फरक पडत असेल म्हणून तिन्ही सारख्याच गतीने घ्यायला लावलं, तरीही रसाने सर्वांत कमी समाधान झालं, गराने त्याहून जास्त आणि अख्ख्या फळाने सर्वांत जास्त. रक्तातली साखर तिन्हींनी सारखीच चढली. पण रस प्यायलेल्यांत इन्शुलिन जास्त वाढलं आणि नंतर साखर झपकन खाली आली. अख्खं सफरचंद खाल्लेल्यांत ही घसरण दिसलीच नाही. वर सांगितलेल्या चार वाजताच्या भुकेशी हे ताडून पाहा.

आपल्या डाळिंबाला हाच न्याय लावता येतो. भगव्या जातीचं एक चांगलं डाळिंब घ्या, देठाकडची टोपी कापा, पांढऱ्या पडद्यांच्या रेषांवरून साल चिरा आणि उकला. वाटीभर, म्हणजे दीडशे ग्रॅम दाणे निघतात. त्यांत वीस ग्रॅमच्या आसपास साखर आणि सहा ग्रॅम तंतू असतात. हे तंतू मुख्यतः आतल्या बीमध्ये असतात, म्हणून बी थुंकून टाकू नये. सोलायला वेळ, चावायला वेळ, आणि वाटी संपेस्तोवर पोटाला आपण काहीतरी खाल्लं आहे याची जाणीव झालेली असते. गाड्यावरच्या पेलाभर रसात साखर वाटीपेक्षा थोडी जास्तच, तंतू मात्र जवळपास शून्य, कारण चोथा गाळणीत राहतो. वरून साखर पडली असेल तर ती वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुक्त शर्करेची मर्यादा घालून दिली: दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी, जमल्यास पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. त्यात साखर, मध आणि फळांचा रस मोजला आहे. अख्ख्या फळातली साखर मोजलेली नाही.

फ्रुक्टोज, म्हणजे फळांत असणारी एक साखर, यकृताला वाईट, हे वाक्य आता सगळीकडे फिरतं. मात्रा सांगितल्याशिवाय ते अपुरं आहे. २०१८ मध्ये उंदरांवर झालेल्या संशोधनात दिसलं, की थोडं फ्रुक्टोज लहान आतडंच बदलून टाकतं, बरंचसं ग्लुकोजमध्ये. एकदम मोठा मारा झाला की आतड्याची ताकद संपते आणि उरलेलं यकृताकडे जातं. चावून खाल्लेल्या पेरूतून फ्रुक्टोज हळूहळू येतं, थंड पेयाच्या बाटलीतून एकदम.

मधुमेह असलेल्यांची भीती मी समजू शकते, म्हणून एक प्रयोग मुद्दाम सांगते. डेन्मार्कमध्ये नुकताच टाइप-२ मधुमेह निघालेल्या ६३ जणांचे दोन गट केले. एकाला सांगितलं दिवसाला किमान दोन फळं खा, दुसऱ्याला सांगितलं दोनपेक्षा जास्त खाऊ नका. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांचं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा, उतरलं होतं आणि दोघांत फरक नव्हता. फळं कमी करून काहीच हाती लागलं नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१३ साली १,८७,००० हून जास्त लोकांची आकडेवारी आली, त्यात अख्खी फळं, विशेषतः द्राक्षं, सफरचंद आणि ब्लूबेरी खाणाऱ्यांत टाइप-२ मधुमेह कमी आढळला आणि रस पिणाऱ्यांत जास्त. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. तरी द्राक्षाचं नाव त्या यादीत पाहून नान्नजच्या बागाईतदारांना बरं वाटेल.

याचा अर्थ रात्रीचं जेवण म्हणून फळांचा बाऊल खावा, असा नाही. हा नवा प्रकार मला फळं बंद करण्याइतकाच चुकीचा वाटतो. केळी, पपई, कलिंगड यांत प्रथिनं नाममात्र असतात. रात्री आठला फक्त फळं खाल्ली की दहा वाजता फडताळ उघडलं जातंच. काहींना आंबा, सफरचंद, कलिंगड एकदम जास्त खाल्लं की पोट फुगतं, कारण त्यांचं आतडं जादा फ्रुक्टोज शोषू शकत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या ताटाच्या आराखड्यात दिवसाला १०० ग्रॅम फळं आणि ४०० ग्रॅम भाज्या आहेत. भूक आणि पचन साथ देत असेल तर निरोगी माणसाने याच्या दुप्पट फळं खाल्ली तरी मला काळजी वाटत नाही, मात्र ती डाळ-भाकरीच्या जोडीला. चार वाजता पेरू आणि मूठभर भाजलेल्या शेंगा, किंवा केळं आणि फुटाणे. अशी जोडी केली की फळाच्या गोडीबरोबर प्रथिनंही पोटात जातात.

‘शरीराला काहीतरी कमी आहे म्हणून ते गोड मागतं’ हेही खूप ऐकू येतं. चॉकलेट खावंसं वाटणं म्हणजे मॅग्नेशियमची कमतरता, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. १९९४ मध्ये चॉकलेटची तल्लफ येणाऱ्यांना कोकोच्या कॅप्सूल देऊन पाहिल्या. त्यात कोकोचे घटक होते, चव नव्हती. तल्लफ भागली नाही. मॅग्नेशियमच हवं असतं तर जीव तिळावर आणि शेंगदाण्यावर गेला असता. गुळाचंही तसंच. त्यात थोडी खनिजं असतात हे खरं, पण बाकी जवळपास सगळी साखरच असते. ‘बिनसाखरेचे’ म्हणून विकले जाणारे खजुराचे लाडूही जपून खावेत: खजुरात शंभर ग्रॅममागे साठाहून जास्त ग्रॅम साखर असते. दोन खजूर चावून खाणं वेगळं आणि वाटून, वळून पाच लाडू खाणं वेगळं.

झोपेबद्दल थोडक्यात. २००४ च्या एका अभ्यासात बारा तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर भूक वाढवणारं घ्रेलिन वाढलं, तृप्तीचं लेप्टिन घटलं आणि गोड, खारट, पिठूळ पदार्थांची इच्छा वाढली. रात्रपाळी करणाऱ्यांनी ताटाबरोबर झोपेचाही विचार करावा.

जिभेला सवय लावता येते का? येते, पण वेळ लागतो. २०१६ च्या एका प्रयोगात लोकांच्या आहारातल्या साध्या शर्करा बऱ्याच कमी केल्या. तिसऱ्या महिन्यापर्यंत त्यांना तेच पुडिंग पूर्वीपेक्षा अधिक गोड लागू लागलं. आवड मात्र बदलली नाही, गोड आवडायचं ते आवडतच राहिलं. म्हणून ‘आता मला गोड नकोच’ अशी अपेक्षा स्वतःकडून ठेवू नये. चहातली साखर दर पंधरवड्याला पाव चमच्याने उतरवत जावी. कोऱ्या चहात साखर जास्त घालायची सवय दूध सोडलेल्यांना पटकन लागते, तिथे विशेष लक्ष हवं. सोया दुधाचं पाकीट घेताना मागचा तक्ता वाचून बिनसाखरेचंच घ्यावं.

दूध पूर्ण सोडलेल्यांना बी-१२ ची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीच लागते, फळं-भाज्यांतून ते मिळत नाही. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आहार बदलताना घरी साखर तपासत राहावं, कारण औषधाची मात्रा बदलावी लागू शकते. आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळी, खजूर, शहाळं यांतलं पोटॅशियम अंगावर येऊ शकतं, तेव्हा कोणतं फळ किती खायचं हे आपल्या डॉक्टरांना रक्ताचा रिपोर्ट दाखवूनच ठरवावं.