गोळी पोटात गेली, रक्तात पोचलीच नाही

अँटिबायोटिक चालू असताना दुखण्याची गोळी घेतली तर चालते का, हा प्रश्न ओळखीचे लोक मला सारखा विचारतात. गोळी पॅरासिटामॉलची असेल तर नेहमीच्या बहुतेक अँटिबायोटिकांबरोबर ती चालते. मोठ्या माणसाने दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉलच असतं, तेही या हिशेबात धरायचं. यकृताचा त्रास असेल किंवा टीबीची औषधं चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं. पण खरा घोळ पुष्कळदा तिसरंच औषध घालतं.

माझ्या आत्याला लघवीचा जंतुसंसर्ग झाला. डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सॅसिन (सिप्रो) हे अँटिबायोटिक दिलं. अंग ठणकतं म्हणून तिने स्वतःच मेडिकलमधून आयबुप्रोफेन आणलं. त्याने पोटात जळजळायला लागलं, म्हणून ॲसिडिटीचं गुलाबी जेल आलं. आधी दोन चमचे जेल, लगेच त्यावर दोन्ही गोळ्या. चौथ्या दिवशीही ताप उतरेना.

मी जेलची बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचली. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड.

सिप्रोच्या रेणूच्या एका कडेला दोन ऑक्सिजन अणू शेजारी शेजारी असतात, एक कीटो गटातला आणि एक कार्बॉक्सिल गटातला. जठरातल्या आम्लात जेलमधून ॲल्युमिनियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सुटतात, त्यांच्यावर तीन धनभार असतात. ते दोन ऑक्सिजन असा आयन दोन्हीकडून पकडतात आणि सहा अणूंचं कडं तयार होतं. खेकड्याने नांगीत काडी धरावी तसंच हे. या पकडीला ‘कीलेशन’ म्हणतात, आणि त्या शब्दाचं मूळ खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दातच आहे. धातू धरून बसलेलं औषध आतड्याच्या भिंतीतून नीट शोषलं जात नाही. निरोगी माणसांवरच्या चाचणीत जेलनंतर पाच-दहा मिनिटांत सिप्रो दिलं, तर रक्तात पोचणारं औषध सुमारे ८५ टक्क्यांनी घटलं. मध्ये दोन तास सोडले तरी फार सुधारणा झाली नाही. सहा तास सोडल्यावर घट उरली नाही.

यात मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढेच आहे. जंतूच्या आत सिप्रो ज्या गायरेज नावाच्या विकराला (एन्झाइमला) जखडतं, तिथेही हेच दोन ऑक्सिजन मॅग्नेशियमचा एक आयन धरतात आणि त्याच्या आधाराने औषध विकराला चिकटून राहतं. म्हणजे जंतूला मारणारी पकडच जेलमुळे पोटातच अडकून पडते.

‘अँटिबायोटिक उष्ण पडतं, दुधाबरोबर घे’ हा घरोघरचा सल्लाही इथेच चुकतो. औषधात उष्ण-थंड असं काही नसतं, दुधात कॅल्शियम मात्र असतं, आणि सिप्रो तेही धरतं. पावसाळ्यात मुंबईत साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) भीतीने दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिकही धातू धरणारीच. ती पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि घेतल्यावर लगेच आडवं होऊ नये, नाहीतर कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते.

आयबुप्रोफेनचंही सांगायला हवं. मेंदूला शांत ठेवणारा ‘गाबा’ नावाचा रेणू जिथे बसतो, ती जागा सिप्रो थोडीफार अडवतं. आयबुप्रोफेनच्या गटातल्या काही गोळ्या हा अडथळा वाढवतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून फिटचा त्रास असलेल्यांनी ही जोडी आपल्या मनाने घेऊ नये. मूत्रपिंड कमजोर असेल तर आयबुप्रोफेन एकटंही जपूनच.

सिप्रो जेलच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तास, असा नियम आहे. सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशा गोळ्या असतील तर जेलला जागा उरते नऊ ते एकची. आत्याच्या डॉक्टरांनी ती कसरत ठेवलीच नाही. जेल बंद करून ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल दिलं, त्याने सिप्रो असं अडकत नाही. आयबुप्रोफेनच्या जागी पॅरासिटामॉल आलं. सिप्रो तेच राहिलं, फक्त आता साध्या पाण्याबरोबर. तिसऱ्या दिवशी आत्याचा ताप उतरला.