अंडी, सोयाबीन आणि वाटाघाटीचा अधिकार

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार आयातशुल्क ठरवायचा हक्क काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. पण परक्या देशासमोर बोलणीला बसतं ते सरकार. तिथल्या शेतमाल निर्यातीचं भलंबुरं याच पेचावर ठरत आलं आहे.

1930 चा स्मूट-हॉली हा आयातशुल्काचा कायदा शेतकऱ्याला आधार द्यायचा म्हणून निघाला. मग प्रत्येक सदस्याने आपापल्या भागातल्या मालावरचं शुल्क वाढवून घेतलं. अंड्यांचंच बघा. अमेरिकेने डझनामागचं शुल्क 8 सेंटवरून 10 सेंटवर नेलं. कॅनडाने आपलं 3 सेंटवरून थेट 10 सेंट केलं. 1929 मध्ये अमेरिकेतून कॅनडात सुमारे 9 लाख डझन अंडी गेली होती, 1932 मध्ये जेमतेम 14 हजार डझन. ज्याच्या नावाने कायदा केला, त्याचंच गिऱ्हाईक तुटलं.

तेव्हा 1934 मध्ये परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांच्या आग्रहाने काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना करार करून शुल्क निम्म्यापर्यंत उतरवायची मुभा दिली, तीही ठरावीक मुदतीसाठी. ही मुदत वाढत राहिली. तिच्याच बळावर 1960-62 च्या डिलन फेरीत, म्हणजे अनेक देशांच्या शुल्क-वाटाघाटीत, युरोपीय समुदायाकडून सोयाबीनवर शून्य शुल्काचं वचन मिळालं. अमेरिकन शेतीच्या पदरात वाटाघाटीतून पडलेलं एवढं मोठं दान मला तरी दुसरं दिसत नाही.

पुढे बोलणी शुल्कापलीकडच्या नियमांवर गेली. 1967 मध्ये सरकारने दिलेला असाच एक शब्द काँग्रेसने पाळला नाही. सही करणाऱ्याचा शब्द घरीच मोडला जाणार असेल, तर समोरचा आपला खरा भाव कशाला सांगेल? म्हणून 1974 च्या कायद्याने ‘फास्ट ट्रॅक’ आणला: उद्दिष्टं काँग्रेसने ठरवायची, पण झालेल्या करारावर ठरल्या मुदतीत फक्त हो किंवा नाही म्हणायचं, दुरुस्ती सुचवायची नाही.

तरी अधिकार कागदावर असून भागत नाही. कोलंबियाशी मुक्त व्यापार करारावर 2006 मध्ये सही झाली, 2008 मध्ये काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने मतदानाची मुदतच स्थगित केली आणि मंजुरी 2011 च्या ऑक्टोबरात आली. त्याआधी ऑगस्टमध्येच कॅनडाचा करार लागू होऊन त्याच्या गव्हाला कोलंबियाचं दार उघडलं होतं. अमेरिकेत गहू पिकवणाऱ्याची यात काय चूक?

2015 मध्ये दिलेला फास्ट ट्रॅकचा अधिकार 1 जुलै 2021 रोजी संपला. शुल्क लावायच्या वाटा मात्र खुल्या राहिल्या. त्याआधीच, 2018 मध्ये, त्याच 1974 च्या कायद्यातलं कलम 301, म्हणजे अन्याय्य व्यापारपद्धतींविरुद्धचं कलम, वापरून चिनी मालावर शुल्क लावलं गेलं, आणि चीनने अमेरिकन सोयाबीनवर 25 टक्के जादा शुल्क बसवलं.