कंपायलरचं दार नवख्यांना कसं उघडलं

नाशिकमधल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात टू-पास असेंबलर (असेंब्ली कोड दोन फेऱ्यांत यंत्रभाषेत बदलणारा प्रोग्राम) लिहिलेला असतो. त्यातलं सिम्बॉल टेबल, म्हणजे नावं आणि त्यांच्या पत्त्यांची यादी, त्यांना तोंडपाठ असतं. तरी खऱ्या कंपायलरला, म्हणजे आपला कोड यंत्रभाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामला, हात लावून त्यात सुधारणा करायला ती बिचकतात. थिअरी कमी पडते म्हणून नव्हे; अडतं ते बिल्डपाशी, म्हणजे सोर्स कोडमधून कंपायलर बांधण्यापाशी, आणि प्रकल्पाच्या रीतीभातीपाशी.

जीसीसी हा मुक्त कंपायलर १९८७चा. त्यात मोठा बदल द्यायचा तर कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या नावे करून देण्याची कागदपत्रं लागत. ही सक्ती २०२१मध्ये सैल झाली. बदल लवकर आत येत नाहीत म्हणून १९९७मध्ये ईजीसीएस हा त्याच कोडवरचा वेगळा प्रकल्प फुटून निघाला आणि १९९९मध्ये तोच अधिकृत जीसीसी झाला. एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलर प्रकल्पाने गिटहबवर पुल रिक्वेस्ट (आपला बदल आत घेण्याची विनंती) घ्यायला सुरुवात केली ती २०२३मध्ये.

नवख्यांचा सगळ्यात नीट विचार रस्ट या भाषेच्या कंपायलर प्रकल्पाने केला, असं आमचं मत. सोप्या कामांना ‘ई-ईझी’ आणि मार्गदर्शक असलेल्यांना ‘ई-मेंटॉर’ अशी लेबलं लागली. कुठली फाइल, कुठलं फंक्शन, हे मेंटॉर त्या इश्यूतच, म्हणजे गिटहबवरच्या कामाच्या नोंदीतच, लिहून ठेवू लागले. ‘सोपं आहे, करून बघ’ म्हणण्यापेक्षा या चार ओळी कितीतरी जास्त कामाच्या. २०१८पासून कंपायलरच्या अंतरंगावरचं मार्गदर्शक पुस्तकही तयार होत गेलं.

उरला बिल्ड. रस्टच्या पोटात एलएलव्हीएम आहे. ते घरी बांधायचं तर आठ जीबी रॅमचा लॅपटॉप लिंकिंगला, म्हणजे बांधलेले तुकडे जोडताना, गुदमरतो. २०२०पासून ते तयार उतरवून घेता येतं. सेटअपमध्ये ‘कंपायलर’ प्रोफाइल निवडा, डिस्कवर तीस जीबी मोकळे ठेवा. कोड लिहिताना फक्त ‘चेक’ (पूर्ण न बांधता चुका तपासणारी आज्ञा) चालवा, टेस्टपुरता स्टेज १, म्हणजे आधीच्या तयार कंपायलरने बांधलेला आपला कंपायलर, बांधा. त्यानेच पुन्हा बांधलेला स्टेज २ बहुतेक वेळा लागतच नाही.

पहिलं काम एरर मेसेज सुधारण्याचं घ्यावं. अपेक्षित मेसेज यूआय टेस्टच्या (कंपायलरचे मेसेज तपासणाऱ्या चाचणीच्या) शेजारी एसटीडीएरर फाइलमध्ये असतो. एक शब्द बदलला की डझनभर टेस्ट फेल होतात, आणि टेस्टच्या आज्ञेला ‘ब्लेस’ हा पर्याय दिला की त्या फाइली आपोआप नव्याने लिहिल्या जातात. चूक होते ती इथेच: कंपायलर चुकीच्या ओळीकडे बोट दाखवत असेल, तर ब्लेस तेही बरोबर म्हणून नोंदवतं. म्हणून कमिटआधी, म्हणजे बदल नोंदवण्याआधी, डिफ (जुन्या-नव्यातला फरक) ओळीओळीने वाचा.

इश्यू आपल्या नावावर घ्यायला रस्टबॉट या प्रकल्पाच्या स्वयंचलित मदतनीसाला ‘क्लेम’ सांगतात. सेमिस्टर परीक्षा आली आणि काम अडलं, तर नाव काढून घ्या. इश्यू दुसऱ्याला मोकळा होतो आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.