पेटी येते म्हणून पियानो येत नाही

ज्याला पेटी वाजवता येते त्याला पियानो निम्मा तरी आलेलाच असतो, असे समजणारे पालक, प्रौढ विद्यार्थी आणि दुर्दैवाने काही शिक्षकही मला इतक्या वेळा भेटले आहेत, की हा घोळ आता एकदा लिहूनच निस्तरावा असे वाटते. घोळाचे कारण उघड आहे. दोन्हींकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्याच क्रमाने मांडलेल्या असतात, त्यामुळे डोळ्यांना ही एकाच घरातली धाकटी-थोरली भावंडे दिसतात. प्रत्यक्षात नाते आहे ते केवळ चेहऱ्याचे.

पेटीविषयी मराठी वाचकाला फार सांगण्याची गरज नाही. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर; पट्टी दाबली की हवेची वाट उघडते आणि भात्यात दम असेतोवर सूर टिकतो. पेटीला तीन-साडेतीन सप्तके आणि पियानोला 88 पट्ट्या, पेटीवाला सरगमवर चालतो आणि पियानोवाला पाच रेघांच्या स्वरलिपीवर, हे फरक खरे असले तरी किरकोळ आहेत. स्वरलिपी सहा-आठ महिन्यांत कोणालाही वाचता येऊ लागते आणि तिची भीती वयापेक्षा आळसातून अधिक येते.

खरा फरक आहे तो पट्टी दाबल्यावर काय होते याचा. पेटीची पट्टी हळुवार दाबा किंवा आपटा, आवाज तेवढाच येतो, कारण लहान-मोठेपणा भात्याच्या हातात असतो. पियानोची पट्टी सुमारे दहा मिलिमीटर खाली जाते आणि तेवढ्या अंतरात ती किती वेगाने गेली यावरच त्या सुराचा आवाज ठरतो. फ्लॉरेन्समध्ये क्रिस्तोफोरीने 1700 च्या सुमारास हे वाद्य घडवले, तेव्हा त्याचे नावच ‘हळू’ आणि ‘जोरात’ या अर्थाच्या दोन इटालियन शब्दांवरून पडले. त्यातली कळीची युक्ती अशी, की तारेवर आदळण्याच्या किंचित आधी हातोडी पट्टीच्या यंत्रणेपासून सुटते आणि उरलेले अंतर एकटीच कापते. चेंडू हातातून सुटल्यावर गोलंदाजाने कितीही मान वळवली तरी त्याची दिशा बदलत नाही, तसेच हातोडी सुटल्यावर बोटाने त्या सुरावर कितीही जोर दिला तरी त्यात काडीचाही फरक पडत नाही. पट्टी सोडून तो सूर थांबवणे, एवढेच काय ते बोटाच्या हाती उरते.

पेटीवर हात बसलेला माणूस नेमका इथे अडखळतो. सूर वाजून गेल्यावरही तो पट्टी तळाशी रेटून धरतो, कारण ‘सूर धरणे’ याचा त्याच्या बोटांना कळणारा अर्थ तोच असतो. मनगट ताठ होते, कोपर अंगाला चिकटते आणि पंधरा मिनिटांत हात भरून येतो. अशा विद्यार्थ्याला बोटांत बळ यावे म्हणून हॅनॉनचे साठ व्यायाम लावून देणाऱ्या शिक्षकांचा मला मनापासून राग येतो. त्याची बोटे आधीच चपळ असतात. त्याला शिकायचे असते ते पट्टी तळाला लागताच हात सैल सोडणे.

दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. पेटीचा सूर भात्याच्या जोरावर वाढवताही येतो. पियानोचा सूर जन्मल्या क्षणापासून विरत जातो. त्यामुळे दोन सूर जोडायचे असतील तर दुसरा सूर पहिल्याच्या मूळ आवाजाशी नव्हे, तर तो विरून जेवढा उरला आहे त्याच्याशी जुळवावा लागतो आणि हे काम कानाने करावे लागते. शिवाय पेटीत एका वेळी वाजणाऱ्या सगळ्या सुरांना एकाच भात्याची हवा मिळते, म्हणून ते सारखेच मोठे येतात. पियानोत मात्र करंगळीने चाल उठावदार वाजवायची आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी मागची संगत दबकी ठेवायची, अशी दहा बोटांना दहा वेगवेगळी कामे सांगता येतात. पियानोच्या तंत्राचा मोठा भाग म्हणजे ही वाटणीच आहे. पायाखालच्या उजव्या पेडलला भाता समजणाऱ्यांना एवढेच सांगतो, की ते पेडल हवा भरत नाही. ते तारांवरचे डँपर, म्हणजे सूर थांबवणाऱ्या गाद्या, उचलून ठेवते, त्यामुळे वाजलेले सगळेच सूर, चुकलेलेसुद्धा, एकमेकांत मिसळत राहतात.

हा फरक कोणाला कसा शिकवायचा, हे वयावर अवलंबून आहे. सात वर्षांच्या मुलाने पेटीला हात लावलेला नसेल तर त्याच्याकडून काही सोडवून घ्यायचे नसते; फक्त हात लहान असतो, सप्तक कवेत येत नाही आणि लक्ष लवकर उडते. त्याला मी प्रथम तिसऱ्या बोटावर हाताचे वजन सोडायला शिकवतो आणि मग संगीतकार बार्टोकने आपल्या मुलासाठी रचलेल्या मालिकेतील सुरुवातीचे तुकडे देतो, ज्यांत दोन्ही हात पाच बोटांच्या आवाक्यात एकच चाल वाजवतात. पालकांना या वयात बीथोव्हेनचे ‘फ्यूर एलिझ’ हवे असते. त्याचे पहिले पान सोपे असते, पण मधला भाग आला की मूल तिथेच थांबते, आणि मग घरोघरी वर्षानुवर्षे ते पहिले पानच ऐकू येत राहते.

गांधर्व महाविद्यालयाच्या दोन-तीन परीक्षा पेटीवर दिलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा ही सर्वांत अवघड जात. त्याचा कान तयार असतो, म्हणून तो एकदा ऐकून वाजवतो आणि कागदाकडे पाहतच नाही. त्याच्या डाव्या हाताने आयुष्यभर भाता ओढलेला असतो, आणि शिकवणी खरी त्याच हाताची करावी लागते. संगीतकार शूमानने 1848 मध्ये थोरल्या मुलीच्या वाढदिवसासाठी लिहायला घेतलेल्या आणि पुढे 43 रचनांपर्यंत वाढलेल्या संग्रहातील पहिलीच रचना यासाठी उत्तम आहे: चाल उजवीकडे, डावीकडे सतत वाहणारी संगत, आणि ती संगत चालीच्या वर आली की सगळेच बिघडते.

पन्नाशीच्या गृहस्थांना किंवा काकूंना मात्र मुलांची बडबडगीते देऊ नयेत. तो त्यांचा अपमान आहे. पियानोसाठी लिहिणारा संगीतकार शोपॅं याचे ई मायनर या स्वरपट्टीतील प्रिल्यूड, म्हणजे एक छोटी स्वतंत्र रचना, मी त्यांना लवकर देतो. त्यात उजव्या हाताला मोजकेच, लांब सूर असतात आणि डाव्या हाताचे सुरांचे गट जवळजवळ एकेका सुराने बदलत जातात. लांब सूर विरत असताना डावा हात किती दबका ठेवायचा, हे त्या एका पानावर महिनाभर पुरते.

पेटीवाल्यांच्या पदरात काहीच पडत नाही असे मात्र नाही. शोपॅं आपल्या शिष्यांना सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांच्या सी मेजरपासून सुरुवात करू देत नसे. लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आपोआप पडतात म्हणून तो बी मेजरकडे आधी वळे. काळी एकमध्ये वर्षानुवर्षे वाजवलेल्या माणसाला काळ्या पट्ट्यांची भीती नसते, आणि सी मेजरमध्ये चाचपडणारे माझे काही प्रौढ विद्यार्थी काळी एक, म्हणजेच डी फ्लॅट मेजर, दिल्यावर पहिल्यांदा मनगट सैल सोडतात.